माझ्या मागे कोणी बोलावे

मी, केरबा सिदू खोचगे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी पास, धंदा गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळावर रस आटवून गूळ करणारा, राहणार उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने अथवा भिडेने नव्हे, तर स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. उचगावातील दोन खोल्यांचे घर माझ्या कष्टाचे आहे, वडिलोपार्जित नाही. ते व बँकेतील ठेव मलकापूरला दिलेली माझी मुलगी अनुजा हिला मिळावी. मुलगा विश्वजित यास कशातही हिस्सा नाही.

कलम २. उकळत्या रसावरची मळी काढण्याचा लांब दांड्याचा झारा निसार यास द्यावा. त्याने चाळीस वर्षे माझ्या काहिलीखाली, म्हणजे रस आटवण्याच्या मोठ्या कढईखाली, जाळ घातला. त्या जाळाने पुढे त्याची नजर गेली. झारा त्याला दिसणार नाही, परंतु हातात दिल्यावर समजेल.

कलम ३. पाक उतरेपर्यंत गुळव्याने काहील सोडून उठू नये, हा आमच्या धंद्याचा नियम आहे. एकोणीस वर्षांपूर्वी मी तो एकदाच मोडला. गुऱ्हाळाचे मालक श्री. धैर्यशील म्हणाले, "केरबा, पावणं आल्यात. काकवी दे जा की त्यास्नी." मी उठलो. तेवढ्यात मालकांच्या सांगण्यावरून, माझ्या हाताखाली काम करणाऱ्या विश्वजितने काहिलीत साखर ओतली. निसारने ते पाहिले. मी परतलो तेव्हा पाकाचा रंग उजळला होता. ते मी माझ्या हाताचे यश समजलो.

बाजारात व्यापाऱ्याने ढेप फोडून भेसळ ओळखली. सर्वांसमोर धैर्यशील म्हणाले, "पाक बिघडला आसंल, केरबा घाबरला आन् साखर ओतली. मला काय म्हाईत?"

निसारने विश्वजितचा दंड धरला. "बोल की लेका! बा हाय तुझा त्यो!"

"म्या न्हाय काय बघितलं."

निसार पुढे बोलणार, तोच मी त्याला थांबवले. "गप, निसार. काहील माझी हाय." पोरगा चार दिवसांत आपण होऊन बोलेल, असे मला वाटले. महिन्याभरात तो त्याच गुऱ्हाळावर मुकादम झाला. मला त्यानंतर कोणीही कामावर बोलावले नाही.

कलम ४. खोटे वागणाऱ्याला याच जन्मी भोगावे लागते, असे मी दोन्ही मुलांना लहानपणी शिकवले होते. ते विधान मी या लेखाने मागे घेतो. एकोणीस वर्षे मी लक्ष ठेवले. धैर्यशील यांना दोन बंगले झाले. त्यांना चष्मा नाही, आणि ते अजून स्वतःच्या दातांनी ऊस सोलतात. निसार भिंत धरून चालतो. माझी पत्नी तानाबाई लोकांच्या नजरेमुळे बाजाराला जायची बंद झाली व तशीच वारली. न्याय कोठेतरी होत असेल. उचगावात तो झालेला नाही.

कलम ५. आमच्याकडे रक्षाविसर्जनाला गावातील मोठा माणूस श्रद्धांजलीचे चार शब्द बोलतो. तो मान धैर्यशील यांचा. तानाबाईच्या वेळी ते म्हणाले, "चूक मान्साकडनंच हुती. आमी केरबाला कवाच माफ केलंय." लोकांनी माना हलवल्या. विश्वजित त्यांच्यावर छत्री धरून उभा होता.

माझ्या रक्षाविसर्जनाला धैर्यशील यांना अडवू नये, परंतु बोलू देऊ नये. बोलण्याचा मान एकट्या विश्वजितचा. काय बोलावे ते मी लिहून देत नाही. बोलला तरी घरात हिस्सा मिळणार नाही. घरासाठी बोललेले खरे मला नको. निसारला पुढे बसवावे, म्हणजे त्याला नीट ऐकू येईल. विश्वजितने तोंड उघडले नाही, तर त्याच्या वतीने दुसऱ्याने बोलू नये. लोकांनी थोडा वेळ थांबावे व घरी जावे.

सही करण्यापूर्वी हे मृत्युपत्र मी विश्वजितला समोर बसवून संपूर्ण वाचून दाखवले आहे. तो म्हणाला, "आबा, मला कामावर जायाचं हाय."

साक्षीदार:
१. संयोगिता पांडुरंग मगदूम, शिवाजी पेठ, कोल्हापूर (सही)
२. सम्राट आनंदा वळिवडेकर, उचगाव (सही)
निसार यास झारा मिळणार असल्याने त्याची साक्ष घेतलेली नाही.

लिहून देणार: केरबा सिदू खोचगे (सही. अंगठा नव्हे.)
ठिकाण: उचगाव. दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५