हे पाणी आपण पिता का?

प्रिय श्रुती,

अनुदान मंजूर झालं गं! नाल्यापलीकडच्या वस्तीचं, ज्याच्यापायी तू मला दोन वर्षं ‘आई, आता पुरे’ म्हणत होतीस, तेच. बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यामागचे सगळे हातपंप आता नीट तपासले जातील आणि नळ येईपर्यंत टँकरची सोय होईल. गेल्या गणपतीत तू पुण्याला कायमची ये म्हणालीस, तेव्हा ‘अर्जाचा निकाल लागल्याशिवाय नेहरू नगर सोडणार नाही’ असं मी तोऱ्यात सांगितलं होतं. म्हणजे आता तुला उत्तर द्यायला हवं.

तीस वर्षं सरकारी कचेरीत फायली चाळल्या, त्यांचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. वस्तीतल्या रामकली, शहनाज आणि त्यांच्या शेजारणी आपल्याकडे स्वयंपाकघरात फरशीवर बसायच्या. कुणाच्या मुलाच्या अंगावर चट्टे, कुणाचा भात पिवळा पडलेला, कुणाच्या हंड्याला रॉकेलसारखा वास. त्या सांगायच्या, मी लिहायची. बाबा गेल्यापासून या घरात माझ्याखेरीज आवाज नव्हता. या बायका एकदम इतक्या बोलायच्या की मला दटावावं लागायचं. फोनवर तुला मी कामाचं तेवढं सांगितलं, त्या गलक्याचं कधी सांगितलं नाही.

मंजुरीबरोबर एक अट आली. पैसा कशावर लावायचा ते वस्तीची समिती ठरवणार, आणि समितीत फक्त तिथलं पाणी पिणाऱ्यांनीच बसायचं. अट चांगलीच आहे, माझ्या हातात असतं तर मीही तीच घातली असती. अर्ज भरला तेव्हाच त्यात प्रत्येक नावापुढे रकाना होता, हे पाणी आपण पिता का? बायकांनी आपापल्या नावापुढे ‘हो’ लिहायला सांगितलं. शेवटचं नाव माझं होतं. तिथला रकाना कोरा सोडला असता तर कुणी विचारलंही नसतं. पण मी पडले जुनी कारकून. रकाना कोरा ठेवणं जमत नाही आणि खोटं लिहिणं त्याहून नाही. सुवाच्य अक्षरात ‘नाही’ लिहिलं. स्वतःच्या हातानं स्वतःचंच नाव कापलं म्हण ना!

रामकली पेढे घेऊन आली. ‘आंटीजी, आपने रास्ता दिखा दिया, अब हम सँभाल लेंगे,’ म्हणाली. सांभाळतातही. मंगळवारी त्यांची पहिली बैठक होती, वस्तीतल्या अंगणवाडीत. मी सवयीनं सगळ्यांचा चहा टाकला आणि मग लक्षात आलं. फार वाईट वाटलं गं. त्यांचं भलं झालं याचा आनंद आहेच, पण घर इतकं गप्प झालंय की काल मी काही कारण नसताना दूधवाल्याशी भांडले.

काम खरंच होतं श्रुती, पण तुला नकार देताना थोडी मिजासही होती. मी कुणाला तरी हवी आहे, ही मिजास. गणपतीनंतर तू तो विषय पुन्हा काढला नाहीस. कसा काढशील? मीच तोडून बोलले होते, जावईबापूंच्या देखत. आता आपणहून ‘येते’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून हे पत्र. तुला दुसरं काही करायचं नाहीये. फक्त आणखी एकदा विचार.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
आई