इरकलीतला दंड

१४ मार्च १९४३, सातारा

ठरलं! विजयमालाचं लग्न वैशाखात. जावई हंबीरराव पलटणीत आहेत, तेवढ्यापुरते रजेवर येणार — म्हणजे पुढे ढकलायची सोय नाही. विहीण शालूबाई सांगलीकडच्या. हुंडा नाही, भांडी नाहीत. उठता उठता एवढंच म्हणाल्या, "माज्या मानाचं एक इरकली लुगडं तेवढं कोरं पायजे. जावाजावांत बसायचं हाय मला."

एवढंच म्हणे!

१९ मार्च

धन्यकुमार शेटजींच्या दुकानातल्या फळ्या मोकळ्या. "वैनी, इरकली सोडा, वाकळंला चिंधी मिळंना झालीया." मागल्या दाराने मिळते, पण भाव चौपट. रॉकेलचं तेच, साखरेचं तेच. यांचा मास्तरकीचा पगार मात्र लढाईच्या आधीचाच!

हे म्हणाले, "तुझ्या पाटल्या मोडू." पाटल्या विजयमालाच्या आहेत. मोडणार नाही म्हणजे नाही.

२ एप्रिल

शालूबाईंचा निरोप — "इरकलीचं इसरू नगा." विसरते कशी!

४ एप्रिल

सुचलं! आईची जुनी इरकली आणि माझी लग्नातली. दोन्ही डाळिंबी. दोन्ही मधोमध विरलेल्या, पण तिची पदराची बाजू धड आणि माझी दुसरी. विरलेलं कापून टाकायचं, धड तेवढं जोडायचं — दंड घालायचा! यंदा गल्लीत बिनदंडाचं लुगडं नेसतं आहे कोण? शेजारच्या लीलाबाईंच्या लुगड्याला तर दोन दंड.

पण मानाच्या लुगड्यात? कळलं तर भर मांडवात शोभा, आणि पोरीला जन्मभर टोमणे.

आईच्या इरकलीला कात्री लावताना रडू आलं. रडले, आणि कापली.

११ एप्रिल

विरलेल्या काठातलं रेशीम उसवून काढलं, त्यानेच टाके घातले. खळ दिली, दंड आतल्या घडीत घेतला, ट्रंकेखाली दाबून ठेवली. आज लीलाबाईंना दाखवली, काही न सांगता. उलटून पालटून म्हणाल्या, "कुठनं आनलीसा वं? लय म्हाग पडली आसंल!"

लीलाबाई फसल्या म्हणजे कुणीही फसेल!

१६ मे

लग्न लागलं! शालूबाईंनी घडी हातात घेतली, सावकाश काठावरून अंगठा फिरवला. मग हसल्या. "इरकली झ्याक हाय, विहीनबाई." जावांना दाखवत मिरवल्या! साखर नव्हतीच, गुळाची लापशी केली. लोकांनी मागून मागून खाल्ली.

शालूबाईंनी विजयमालाला हिरवं लुगडं नेसवलं — करकरीत कोरं. घरचा ऊस, गुळाला भाव. त्यांना कसली आलीय महागाई!

पण जिंकले मी. पाटल्या पोरीच्या हातात आहेत.

३० मे

विजयमाला माहेरपणाला आली. आल्या आल्या हिरवं लुगडं पुढे केलं. सासूबाईंनी बजावलंय म्हणे — "हे तुज्या आईच्याच हातनं धुवून आन."

बादलीत बुडवलं. खळ उतरली, आणि बोटाला लागला — दंड! माझ्याहून बारीक.

इतकी हसले की पोरगी घाबरली. शालूबाई, जिंकलात!