जर्मनीला गेलेला पेंढा

शेणवा,
रविवार, दुपार

तीर्थरूप रघूमामांस,

भाचा भावेशचा वाकून नमस्कार. (बसून लिहितोय, पण मान खाली आहे, तेव्हा वाकलो असंच धरा.) तुमचा गुडघा आता कसा आहे? सुंदरामामींची साखर? म्हशीने लाथा मारायचं सोडलं, की अजून मामींशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही? इकडे सगळे ठीक. आईचा निरोप आहे की गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधा. बाबांचा निरोप आहे की असलं काही बांधू नका, डॉक्टरला दाखवा. दोन्ही निरोप पोचवले, पुढचं तुम्ही आणि गुडघा बघून घ्या.

आजच्या काळात हा पत्र कसलं लिहितो, असं म्हणाल. फोनच करणार होतो. पण तुमचा फोन नेहमी प्रणित उचलतो, आणि तुम्ही बोलता ते हॉटेलच्या गल्ल्यावर बसून, स्पीकर लावून. म्हणजे माळशेजला निघालेली निम्मी गिऱ्हाइकं भजी खाता खाता आपल्या घरातल्या गोष्टी ऐकतात. आणि विषय तर प्रणितचाच आहे. परवा तुम्ही विचारलंत, "पोरगा तुझ्या कंपनीत अप्रेंटिस लागतो म्हनतो. पाठवू, का हॉटेलातच ठेवू? तू सांगशील तसा." मामा, एवढा विश्वास टाकलात, तर उत्तर दोन शब्दांत देणं मला बरं वाटेना. म्हणून सविस्तर लिहितोय. उद्या नवसूचा टेम्पो शहापूरला भाजी उतरवून वैशाखऱ्याला परत जाईल, त्याच्या हाती पाकीट देतो. (नवसूला वाचनाचा मनापासून कंटाळा आहे, त्यामुळे या कामाला त्याच्याइतका योग्य माणूस नाही.)

आधी माझं पद काय ते सांगतो, कारण ते इथे शेणव्यात अजून कुणाला कळलेलं नाही. मी 'बिझनेस अप्रेंटिस' आहे. आई गावभर 'भावेश बिझनेस करतो' असं सांगत फिरते, म्हणून शेजारच्या सकुबाई दोनदा दारात येऊन "काय इकतोस रे? आमाला पन दाखव ना" असं विचारून गेल्या. आता त्यांना काय दाखवू? मी इंजिनिअर नाही, कामगार नाही, साहेब तर नाहीच. इंजिनिअरांची मीटिंग असते, तिथे खुर्च्या मांडायला आणि शेवटी काय ठरलं ते टाईप करायला एक माणूस लागतो (ठरत काहीच नाही, पण टाईप करावं लागतं), त्या माणसाचं हे नाव आहे. कंपनी मोठी आहे, हे मान्य करतो. असले पंप बनवते, की तुमचं हॉटेल बाकड्यांसकट एकात मावेल. पण पंप बनवणारे वेगळे आणि आम्ही वेगळे. आम्हाला वर्षभर या खात्यातून त्या खात्यात फिरवतात, त्यामुळे प्रत्येक खात्याला वाटतं की हा दुसऱ्या खात्याचा माणूस आहे आणि जेवायला चुकून आपल्याकडे आलाय. वर्ष संपलं की एकतर कायम करतात, नाहीतर नारळ देतात. माझं वर्ष या महिन्याअखेर संपतंय. काय करणार ते बुधवारी कळेल.

कंपनीला सर्वांत जास्त अभिमान कशाचा, तर पिवळ्या पट्टीचा. प्रत्येक वस्तूभोवती जमिनीवर, टेबलावर, कपाटात पिवळी चिकटपट्टी मारून तिची जागा ठरवलेली असते. स्टेपलरला चौकोन, झाडूला चौकोन, माझ्या पाण्याच्या बाटलीला गोल. बाटली गोलाबाहेर दिसली की कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकतं, त्यावर लाल बाण. एकदा मी जागेवर असतानाच एक गृहस्थ येऊन माझ्या खुर्चीभोवती पट्टी मारून गेले आणि खाली 'अप्रेंटिस' अशी पाटी चिकटवली. मी पाय उचलून धरले होते. मामींनी घरात कधी पट्टी मारली नाही, तरी अंधारात हात घातला तर मिठाचा डबाच हाताला लागतो. पण मामींना कंपनीत कुणी विचारणार नाही, कारण त्यांना इंग्रजीत पट्टी मारता येत नाही.

आता मूळ प्रकरण. तुमचा पेंढा. तुम्ही विचाराल म्हणून मी आजवर फोनवर हा विषय टाळत होतो.

कंपनीत प्रत्येकाने दर महिन्याला एक सुधारणा सुचवायची असा दंडक आहे. ज्याची सुधारणा अमलात येते, त्याचा मोठ्या साहेबांबरोबर फोटो निघतो. माझी पहिली सुधारणा होती, डिस्पॅचमधला पंखा भिंतीला वारा घालतो, तो माणसांकडे वळवावा. नामंजूर झाली. (पंख्याचं तोंड कुठल्या खात्याकडे येतं, यावर अजून पत्रव्यवहार चालू आहे.) अशात जर्मनीला जायचा एक पंप तयार झाला आणि पॅकिंगचा फोम आलाच नाही. मीटिंग बसली. तास गेला. सगळे फोम का आला नाही यावर बोलत होते, आणि मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, खुर्च्या मांडायला आलेला मी मध्येच बोललो, की आमच्या मामांचे आंबे दरवर्षी पेंढ्यात घालून कल्याणला जातात, आजवर एकाला डाग पडला नाही.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता बाहेर काढतात. पण आमच्या मनाली मॅडम, ज्यांच्या हाताखाली आम्ही सगळे अप्रेंटिस येतो, त्या एकदम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ग्रेट! सस्टेनेबल!" झालं. पेंढ्याला पेंढा म्हणायची सोय राहिली नाही. त्याचं नाव ठेवलं 'हरित कवच'. त्यावर रंगीत चित्रांचं सादरीकरण झालं. एका चित्रात एक गाय होती, ती आपल्याकडची नव्हती.

पुढचं तुम्हाला अर्धं माहीत आहे. मामी "म्हशीनं काय खायाचा मग?" म्हणत असताना तुम्ही पडवीतला पेंढा नवसूच्या टेम्पोत भरून दिलात, बरोबर प्रणित आला. गेटवर काय झालं ते त्याने सांगितलं नसेल. वॉचमनने पेंढ्याचा पार्ट नंबर मागितला. पार्ट नंबर नसलेली वस्तू आत जात नाही. मी आत-बाहेर पळून कसाबसा एक नंबर मिळवून आणला. तेवढ्यात सेफ्टीवाल्यांनी नवसूच्या चपला पाहिल्या आणि त्याला बूट व हेल्मेट आणून दिलं. नवसू म्हणाला, "बूट घालतो, पन हा टोप नाय घालनार. पेंढा डोक्यावर पडून मेलेला मानूस दाखवा आदी." सेफ्टीच्या साहेबांना तसा माणूस आठवेना. शेवटी नवसू गेटबाहेर बसला आणि पेंढा आत गेला तो प्रणितच्या हाताने.

आणि मामा, तिथे तुमच्या प्रणितने काय करावं? त्याने पंपाभोवती पेंढा असा काही भरला, कोपऱ्यात पिळे दाबून, वर आडवा थर, जशी आपण आंब्याची पेटी भरतो तशी, की सगळे कामगार काम सोडून बघायला आले. मनाली मॅडमनी त्याला नाव विचारलं, शिक्षण विचारलं. बी.कॉम. म्हटल्यावर म्हणाल्या, "अप्लाय का करत नाहीस?" मी शेजारीच उभा होतो. माझं शिक्षणही बी.कॉम.च आहे, पण वर्षभरात त्यांनी ते विचारलेलं नाही. मग नारळ फुटला, फोटो निघाला. फोटोत मोठे साहेब आहेत, मॅडम आहेत, प्रणित हसतोय, आणि डाव्या कडेला जो एक कोपर दिसतो, तो माझा आहे.

जहाज निघालं. बऱ्याच दिवसांनी जर्मनीहून मेल आला, की खोका बंदरात अडवला आहे. कंपनीने खोक्याचं लाकूड नियमाप्रमाणे भट्टीत शेकून, कीड मारून, त्यावर सरकारी शिक्का घेतला होता, कारण किडीचं लाकूड परदेशात चालत नाही. आणि त्या शेकलेल्या, शिक्का मारलेल्या खोक्यात आपण काय भरलं, तर तुमच्या पडवीतला पेंढा! हा विचार मीटिंगमधल्या एकाही इंजिनिअरला शिवला नाही. (मलाही शिवला नाही, पण मी खुर्च्या मांडणारा.) जर्मन लोकांनी खोका उघडला तेव्हा आत जिवंत किडे होते, आणि समुद्राच्या दमट हवेत पेंढ्यातल्या राहिलेल्या दाण्यांना कोंब फुटले होते. मामा, तुमचं भात जर्मनीत उगवलं. माझ्या माहितीत आपल्या घराण्यात परदेशी गेलेलं ते पहिलंच.

इकडे हाहाकार. ज्या दिवशी मेल आला, त्या दिवसापासून 'हरित कवच' हा शब्द कंपनीतून नाहीसा झाला. त्याला आता सगळे 'भावेशचा पेंढा' म्हणतात. मग चूक शोधायची मीटिंग बसली. तिची रीत अशी, की काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्याला खरं कारण सापडतं. खोका का अडवला? पेंढ्यात कीड होती म्हणून. पेंढा का घातला? फोम नव्हता म्हणून. फोम नव्हता तर दुसरं काही का नाही पाहिलं? पेंढा सहज मिळत होता म्हणून. सहज का मिळत होता? भावेशने सुचवला म्हणून. भावेशने का सुचवला? कारण भावेशच्या मामांची भातशेती आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मुळापर्यंत पोचल्याचं समाधान प्रत्येकाच्या तोंडावर होतं. तेव्हा मामा, एवढ्या मोठ्या कंपनीच्या लेखी या प्रकरणाचं मूळ कारण तुम्ही आहात. उपाय म्हणून 'सदर मामांकडून माल घेऊ नये' असं ठरलं. ते टाईप मीच केलं. फोम वेळेवर का आला नाही, हे पाच 'का' संपल्यामुळे विचारायचं राहिलं.

आता तुम्हीच सांगा, अशा ठिकाणी प्रणितसारख्या पोराने यावं का? आज तो स्वतःच्या गल्ल्यावर बसतो, शनिवार-रविवारी त्याला मान वर करायला फुरसत नसते, गिऱ्हाईक त्याला 'शेठ' म्हणतं. इथे येऊन त्याच्या खुर्चीभोवती पट्टी मारतील. जिथे भजी तळणाऱ्याला तेल कधी तापलं हे ठरवायला मीटिंग घ्यावी लागत नाही, ती जागा सोडून या तमाशात पोराला ढकलू नका. हे मी भाऊ म्हणून कळकळीने लिहितोय, यात माझा काडीचा स्वार्थ नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
भावेश

ता.क. : मामींचा हरवलेला विळा सापडला. मुठीला लाल चिंधी गुंडाळलेला, तोच. पेंढ्यातून गेला. जर्मन लोकांनी त्याचा मोजपट्टीशेजारी ठेवून फोटो पाठवलाय आणि 'हे हत्यार कोणत्या हेतूने पाठवले' असं विचारलंय. तेव्हा मामींना म्हणावं, गिरजामावशींशी अबोला सोडा, त्यांनी विळा नेलेला नाही. परत येईल की नाही सांगता येत नाही.

आणखी एक : वर स्वार्थ नाही असं लिहिलंय, ते खोडलं तर कागद खराब दिसेल, म्हणून इथे लिहितो. डिस्पॅचमध्ये जागा एकच आहे. नवा अप्रेंटिस मिळाला तर जुन्याला कायम करायची कंपनीला गरज उरत नाही. नवा स्वस्तात पडतो, आणि पेंढा प्रणितने भरला असला तरी नाव माझंच लागलंय. मॅडमकडे आजवर अर्ज एकच आलाय, आणि तो तुमच्या घरातून. कंपनी कशीही असो मामा, मला तिथे राहायचंय. एवढाले पंप हलताना बघायची सवय झालीय. नव्यांची मुलाखतही बुधवारीच आहे, तेवढी होईपर्यंत प्रणितला गल्ल्यावरून उठू देऊ नका. हॉटेलात गर्दी आहे म्हणा, गुडघा दुखतो म्हणा. तो दुखतोच आहे.

शेवटचं : नवसूचा टेम्पो बिघडलाय, उद्या येणार नाही, हे सांगायला आत्ता प्रणित स्वतःच रविवारचा गल्ला सोडून मोटारसायकलवर आलाय. मामींनी तांदळाच्या पापड्या दिल्यात. ओट्यावर चहा पिताना त्याने सहज विचारलं, "दादा, कंपनी कशी आहे रे तुमची?" आणि माझ्या तोंडाला काय झालं कळेना. आमची क्रेन केवढी, पंपाची चाचणी घेतात तेव्हा पायाखालची जमीन कशी थरथरते, मॅडम मुलाखतीत काय विचारतात, त्यावर काय बोललं की खूश होतात, सगळं सांगून बसलो. पोरगा आता इरेला पेटलाय. बुधवारी मुलाखतीला येताना गेटवर अडवू नये म्हणून माझे कंपनीचे बूट मागितले, ते दिले. मला बुधवारी बसायचंय ते ऑफिसात, तिथे चपला चालतात. डाव्या पायाचा बूट चावतो, तेवढं मात्र सांगितलं नाही. हे पत्र तोच घेऊन येतोय. "गुडघ्याच्या पाल्याचं लिहिलंय" असं सांगितलंय त्याला, तेव्हा त्याच्यासमोर उघडलंत तर तेवढंच मोठ्याने वाचा.