नाईलची ओटी

२० जानेवारी २००६, आस्वान (इजिप्त)
पोहोचलो बुवा! खताचं टार्गेट पुरं केलं म्हणून कंपनीने ओतूरच्या दुकानदाराला बायकोसकट विमानात बसवलं. दुकानातला भिमाजी म्हणतो, युरिया विकून माणूस ढगात गेला. खिडकीतून नाईल दिसते. आमची ओतूरची मांडवी नदी हिच्यापुढे पाटच. बायको मंगल पडली खेड्यातली, महाळुंगे पडवळची. तिने जेवणाच्या हॉलमध्येही पिशवीतून चटणी-भाकरी काढली. पुण्याचे डीलर आणि त्यांच्या मिसेस काट्याचमच्याने जेवत होते. मी जरा लांबच बसलो.

२१ जानेवारी
दिवसभर शिडाच्या होडीत. ना आवाज, ना धक्का. मंगल लहान पोरीसारखी पाण्यात हात घालून बसली होती. मला फार बरं वाटलं.

दुपारी पात्र रुंद झालं तसा तिने हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी काढली. निघताना आईने बजावलं होतं, “परमुलखातली नदी हाय, मोकळ्या हातानं जाऊ नगा. तिची वटी भरा.” मंगलने डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांदेखत नदीची ओटी भरली, आणि पदर पसरून बसली. ओटी घेणारी बाई चार दाणे परत टाकते, ही आमच्याकडची रीत. आता नदी काय टाकणार!

पुण्याच्या बाईंनी हसत फोटो काढला. त्यांच्या मिस्टरांनी विचारलं, नदीचा ब्लाउज शिवणार कोण? सगळी होडी हसली. मीही हसलो. खण मात्र होडीला चिकटून राहिला, जाईना. माझी कानशिलं तापली. वाकून ओढला आणि बॅगेत कोंबला. ओढताना खालून हिसका बसला. शेवाळ असावं.

मंगल मग एवढंच म्हणाली, “दिल्याली वटी कुणी माघारी घेतं व्हय?”

२३ जानेवारी, कैरो
बाल्कनीत कडक ऊन, तरी खण वाळत नाही. मंगलच्या पदरात ओले, फुगलेले तांदूळ सापडले. मी रागावलो. ती म्हणाली, नदीने दिलेत.

२९ जानेवारी, ओतूर
आईने दारातच विचारलं, वटी भरली का. मी हो म्हणालो. मंगलने मान खाली घातली, माझं खोटं उघडं पाडलं नाही. लाज वाटली. सारवलेल्या अंगणात तिची पावलं ओली उमटतात.

२ फेब्रुवारी
पदर रोज ओला. दाण्यांबरोबर आता काळा गाळ. वास मांडवीचा नाही. मंगल सांगते, नाईल आपली ओटी मागतेय. आईला उपाय ठाऊक असेल. पण कुठल्या तोंडाने सांगू? चार लोक हसले म्हणून दिलेलं ओरबाडून घेतलं?

४ फेब्रुवारी
खण मांडवीला द्यायचं ठरवलं. पाणी शेवटी एकच. मंगल म्हणाली, घेतलात तुम्ही, द्यायचाही तुम्हीच. उपरणं डोक्यावर घ्या.

घेतलं. काठावर गेणभाऊ म्हशी धूत होता. ओरडला, “काय सुदर्शनशेठ, बायकांची कामं कवापासनं?”

मी खण खिशात घातला. पुन्हा. मंगलला म्हटलं, उद्या बघू. ती पाय धुते म्हणून पाण्यात उतरली. मी गेणभाऊशी हसत होतो — वळून पाहिलं तर —

दुपार
गुडघाभर पाणी. फक्त गुडघाभर! सगळा गाव शोधतोय. पाय घसरला, असं सांगितलं मी. आईलाही तेच. ती नदीवर बसून आहे. मला घरी धाडलं. माझी मंगल — खण खिशात. अजून ओला —

अंगणात पावलं. ओली.

मंगलच. दारात. पदर भरलाय, गाळ ठिबकतोय — तोंड तिचं, नजर तिची नाही —

खण पुढे केला. मान हलवते. नको म्हणते. द्यायला आलीये.

ओटी मी घेतली होती. आता भरायची ती माझीच —

सदरा पसर म्हणते. एका हाताने लिहितोय, दुसऱ्याने सदरा धरलाय. जड. गार. अजून ओततेय —

भिंतीपलीकडे माणसं बोलतायत. हाक मारली तर येतील. पण येतील आणि मला असा, बाईसारखा ओटी पसरून बसलेला बघ —