ताईनं ठरवलं

प्रिय धाकट्या,

तुला आणि आईला मनानं जवळ घेऊन लिहितेय. मी बरी आहे, खोली उबदार आहे, वेळेवर जेवते. आईच्या पोटात काही जातंय का? तू झोपतोस का रे?

काल फोनवर तू म्हणालास, "बाबांचं श्वासाचं मशीन काढायचं का, हे डॉक्टर मलाच विचारतात. ताई, तू तर यावरच संशोधन करतेस. सांग ना." रात्रभर विचार करून हा मेल लिहितेय.

हो, माझ्या शोधनिबंधाचा विषय तोच. कायद्यानं नातेवाइकांना निर्णयाचा हक्क दिला, पण पुढे त्या माणसांचं काय होतं? त्यासाठी मी एका बेकरीवाल्याला भेटले होते. बायकोचं मशीन काढायला त्यानंच होकार दिला होता. योग्य केलंस, असं सगळे म्हणाले. त्यालाही ते पटत होतं. तरी मला म्हणाला, "आजारानं नाही गेली ती. मी घालवली तिला." जिथे असा कायदा नाही आणि डॉक्टरांनीच ठरवलं, तिथली माणसंही रडली, पण त्यांचं मन त्यांना असं खात राहिलं नाही. परिषदेत मी हे वाचलं, तेव्हा टाळ्या पडल्या.

बाबा आता परतणार नाहीत, हे तुलाही कळलंय. म्हणून सकाळी मीच डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, "मोठी मुलगी बोलतेय. मशीन काढा." मी परवा पोचेन, तोवर ते थांबतील. सहीही मीच करीन.

तू फक्त बाबांजवळ बस. आईला, काकांना, सगळ्यांना सांग, ताईनं ठरवलं. कुणी बोल लावला तर मला लावू दे. आणि स्वतःलाही हेच सांगत राहा, अगदी म्हातारा होईपर्यंत.

तुझीच,
ताई