हॉटेल नव्हतं, पावणेर होता

आबा, तुमच्या फौंड्रीची भट्टी विझणार नाही, हे आधी सांगते, मग बाकीचं. आज फेरविचाराचा निकाल हातात पडला. आपल्या शेडमध्ये दाराशेजारच्या कोपऱ्यात आपलेच तवे विकायचं काउंटर टाकायला परवानगी मिळाली. तुम्ही गेल्यावर पंपाच्या पार्टांची कामं एकेक करून बंद झाली. मी बिडाचे तवे आणि आप्पेपात्रं ओतायला घेतली, तेव्हा उद्यमनगरातले लोक हसले. पण माल चांगला निघाला. फक्त व्यापारी तो पडेल भावाने उचलायचे आणि राजारामपुरीतल्या दुकानांत चकचकीत खोक्यात घालून विकायचे. स्वतः विकता आलं नसतं तर शेडला कुलूप ठरलेलंच होतं. पण आपली जागा पडली औद्योगिक, तिथं विक्रीचं काउंटर मांडायचं तर अर्ज करावा लागतो. तो केला आणि तो नामंजूर झाला. का झाला ते ऐका, कारण त्यात तुमचाही हात आहे.

मी शाळेत होते, मे महिन्याची सुट्टी होती, तुमचा डबा घेऊन आले होते. तुम्ही भट्टीपाशी, मी दारात. एक माणूस पलीकडच्या शेडचा पत्ता विचारतो, मी बोट दाखवते, तो चालू लागतो. तुम्ही हातमोजे फेकून रस्त्यावर धावता आणि त्याला दंडाला धरून परत आणता. "पावणं, आसं कोरडंच कुठं निघाला?" तो बिचारा ओशाळून चहात बुडवून बटर खातो आणि तुम्ही सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडता, "आपल्या दारातनं मानूस तोंड हालवल्याबिगर गेला न्हाय पायजे, कळलं का?" कळलं हो आबा. इतकं कळलं की पुढं तेच अंगाशी आलं.

अर्जावर जागेची पाहणी करायला साहेब येणार होते. नुसतं आप्पेपात्र काय दाखवायचं, गरम आप्पे काढून दाखवू, म्हणून मी बावड्यातल्या घरून पीठ भिजवून नेलं. तुमच्या हाताखाली तयार झालेले मिस्त्रीच आता भट्टी बघतात. त्यांनी बाकडी पुसून मांडली, वर झणझणीत कटाचं पातेलं आणलं. वास सुटल्यावर शेजारच्या शेडमधली माणसं आली. आलेल्याला नको म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, तुम्हीच लावलेली. साहेब नको नको म्हणत होते आणि मिस्त्री त्यांच्या ताटलीत वाढतच होते, "घ्या की सायेब, लाजताय काय!" जाताना साहेब तृप्त दिसले. मी मनात काउंटरला रंगसुद्धा देऊन टाकला. मग कागद आला. "सदर जागेवर उपाहारगृह चालू असल्याचे आढळून आले, सबब अर्ज नामंजूर."

त्यांचं तरी काय चुकलं? शेगडी पेटलेली, बाकड्यांवर माणसं जेवतायत, मी वाढतेय. कुणी पैसे देत नव्हतं, ते डोळ्यांना कसं दिसणार?

मी फेरविचाराचा अर्ज टाकला. तिथं त्या साहेबांऐवजी एक बाई होत्या, वरच्या हुद्द्यावरच्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तवे विकायचे म्हणता आणि जागेवर पंगत बसलेली. मी काय समजायचं?" मी घरून घोकून गेलेलं सगळं विसरले. म्हटलं, "मॅडम, हॉटेल न्हाय हो ते. पावणेर होता, आल्या-गेल्याचा पाहुणचार." त्या हसल्या नाहीत. "मी स्वतः येऊन बघेन," एवढंच म्हणाल्या.

त्या आल्या त्या दिवशी शेगडी मी घरी नेऊन ठेवली होती. मिस्त्रींना बजावलं होतं की चहाचं नावसुद्धा काढायचं नाही. वाळूच्या साच्यात लोखंड ओततात ते बघत बाई भट्टीच्या धगीत उभ्या होत्या, घाम पुसत होत्या, आणि माझे हात नुसते शिवशिवत होते. "इथं ओतलेलाच माल विकणार ना? बाहेरचा आणणार नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाहेरचा एक तवाही आणणार नाही. त्या गाडीत बसल्या आणि गेल्या, कोरड्या. मिस्त्री धुरळ्याकडे बघत म्हणाले, "आबा आस्तं तर आपली कातडी सोलली आस्ती." मला रात्रभर लाज वाटत राहिली, परवानगीची काळजी वेगळीच.

आज निकाल वाचला. आधीचा नकार रद्द, याच जागेत तयार झालेला माल इथंच विकायला हरकत नाही. मी शेडच्या पायरीवर बसून तो पुन्हा एकदा वाचला. कितीतरी महिन्यांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं. मिस्त्रींना सांगितलं तर ते तडक आत जाऊन उद्याच्या ओतकामाची वाळू मळायला लागले. त्या आवाजानं जितकं बरं वाटलं तितकं त्या कागदानंही वाटलं नव्हतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहायला हरकत नाही. नकार आला त्या दिवशी मी तुमच्यावर फार चिडले, मेलेल्या माणसावर, आणि आपल्या शेडच्या ऑफिसातला तुमचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. आज तो सरळ केला, पुसला. मनावर घेऊ नका, आबा. हक्कानं रागवायला मला दुसरं होतं कोण?