काठाजवळ आलं की लंगडतं

प्रिय भिंगरी,

तू आता शिकाऊ नाहीस, पक्की डॉक्टरीण झालीस, हे कळल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. शेजारणीला सांगायला गेले तर ती म्हणाली, अहो, सकाळीच सांगून गेलात की. म्हटलं, मग परत ऐक, तुझं काय जातंय? माझं अक्षर बघून हसू नकोस. शाळेत मी बाकावर कमी आणि वर्गाबाहेर जास्त असायचे, त्यामुळे जोडाक्षर जिथे तुटलं असेल तिथे तूच जोडून घे.

आजोबा कसे आहेत, असं विचारलंयस. ते सांगायचं तर आधी बोटीच्या इंजिनाचं सांगावं लागेल, कारण सध्या या घरात दुसरा विषय नाही. दात घासताना इंजिन, जेवताना इंजिन. सवत आणली असती तरी एवढी कटकट झाली नसती, निदान तिने भांडी तरी घासली असती.

झालंय असं, की भर नदीत बोट जोरात पळते तेव्हा इंजिनाची काही तक्रार नसते. पलीकडचा धक्का जवळ आला, वेग उतरवला, की याचं लंगडणं सुरू. मध्येच गुरगुरतं, मध्येच दम टाकतं, परत उसळतं. मग बोट धक्क्याला अलगद लागायची सोडून दाणकन आपटते. मागे एकदा शाळेच्या बाई उतरताना गुडघ्यावर पडल्या. तेव्हापासून बिचाऱ्या लांबच्या पुलावरून जायला लागल्या, आणि त्यांचं बघून टपालवालाही. आजोबा आता उतारूंच्या रिकाम्या फळीकडे बघत बोट हाकतात. इंजिन सुधारलं नाही तर बोट विकून टाकतो, म्हणतात. जन्मभर नदी ओलांडलेला माणूस घरात बसला तर काय होईल, मला विचारच करवत नाही. पाऊस पडला म्हणून एक दिवस घरी बसले होते, तर माझे सगळे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. मीठ सापडायला संध्याकाळ झाली.

बरं, उपाय कमी केले म्हणशील तर तसंही नाही. आधी प्लग बदलले. जुने प्लग माझ्या नाकाशी धरून म्हणाले, बघ कसे काळे पडलेत. मला काय कळतंय, मी म्हटलं, पडलेत खरे. नवे घातले. ये रे माझ्या मागल्या! मग पेट्रोल शिळं झालं असेल म्हणून सगळं काढून ताजं भरलं. मग टाकीच्या झाकणातून हवा जात नाही म्हणून ते झाकण माझ्या सुईने टोकरलं आणि सुई वाकडी करून परत दिली. मग कार्ब्युरेटर. त्याचे तुकडे माझ्या स्वयंपाकाच्या परातीत मांडले होते. अजून त्या परातीला वास आहे, घासून घासून मी हात टेकले.

शेवटी इंजिन उचलून टोपीवाल्या मिस्त्रीकडे नेलं. त्याने ते पाण्याच्या पिंपावर अडकवलं, चालू केलं आणि हात पुसत बाजूला उभा राहिला. तर काय सांगू, इंजिन असं एकसुरी चाललं, जसं मांजर उबेला बसलंय. मिस्त्री हसत म्हणाला, आजोबा, नाचता येईना अंगण वाकडं! झालं. परत येताना माझ्याशीही बोलले नाहीत, जसं काही मीच टोपी घालून बसले होते. बोटीवर लावलं, काठाजवळ आलो, आणि पुन्हा तेच. मिस्त्री म्हणत होता, मी बोटीत मागे इंजिनापाशी बसून बघतो. पण त्या मागच्या जागेवर तुझ्या आजोबांनी आजवर कुणाला बसू दिलंय? मग पेट्रोलची नळी बदलली. जखम मांडीला, मलम शेंडीला.

आणि मग गेल्या आठवड्यात दोरी अडकली. धक्क्याजवळ आलो होतो, इंजिन कुथत होतं, आणि पुढची दोरी खुंटाखाली गेली. आजोबा मला म्हणाले, इकडे ये, हा इंजिनाचा दांडा धर, मूठ पिळू नकोस, नुसती धर. मी धरली. भिंगरी, इंजिन शांत झालं. एकसारखं, पिंपावर चाललं होतं तसं. मला वाटलं, वा, मला घाबरलं! दोरी सोडवून ते परत आले, मूठ हातात घेतली, आणि लंगडणं सुरू. मग मी पहिल्यांदा इंजिनाकडे बघायचं सोडून त्यांच्या हाताकडे बघितलं. त्या मुठीतच वेग असतो ना, जरा पिळली की वाढतो, जरा सैल सोडली की उतरतो; भर नदीत ती पार शेवटपर्यंत आवळलेली असते, म्हणून तिथे काही कळत नाही. हात थरथरत होता. ते पिळत नव्हते गं, तो आपोआप पिळत होता.

मला म्हणाले, पाहिलंस? तुझ्यासमोरसुद्धा तेच! मी म्हटलं, हो ना, पेट्रोलच खराब येतंय हल्ली.

दुसऱ्या दिवशी मी हट्ट धरला, मला बोट शिकवा. म्हणाले, या वयात? म्हटलं, नाहीतर काय पुढच्या जन्मी? आता काठ जवळ आला की दांडा माझ्याकडे असतो. ओरडतात केवढे! डावीकडे म्हणजे तुझी डावी बाजू कुठली ते तरी ठरव, म्हणतात. पण बोट कशी अलगद लागते, लोण्यात सुरी जावी तशी. मला इतका आनंद होतो की मी उगीच सगळ्यांना हात हलवते. शाळेच्या बाई धक्क्यावरून बघत होत्या, काल परत बोटीत बसल्या. म्हणाल्या, इंजिन दुरुस्त झालं वाटतं. आजोबा छाती काढून म्हणाले, मीच केलं. मी पाण्याकडे बघत राहिले.

पण मी दांडा धरून किती दिवस झाकणार? हल्ली ते सदऱ्याची बटणं लावताना पाठमोरे उभे राहतात. हे नुसतं वय आहे की दुखणं, औषधाने थांबणारं आहे की नाही, मला कळत नाही, आणि त्यांना विचारायला जाते ती चहा हवा का एवढंच विचारून परत येते. त्यांना कळलंय की नाही, तेही ठाऊक नाही. मोठ्या शहरातल्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर ते यायचे नाहीत. म्हणून हे पत्र. पहिली सुट्टी मिळाली की निघून ये. नातीला बोट हाकायला शिकायचंय, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. खुशीत आहेत, मागची जागा स्वतः धुऊन काढली. तू तिथे त्यांच्याजवळ बस आणि म्हण, आजोबा, मूठ कशी धरायची ते दाखवा. ते तुझ्या हातावर हात ठेवतील. तेव्हा घाई करू नकोस. नीट बघ, आणि काय असेल ते मला आधी सांग.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आजी